इंद्र-वरुणांच्या साक्षीनं, तुर्कस्तानात

आमच्या तुर्कस्तानच्या फोटोंत कप्पाडोकियाचे बलून नाहीत, याचं घरच्यांना अजून वाईट वाटतं. मी आणि माझी मुंबईची पारशी मैत्रीण, दोघीही निवृत्त, दोघींचेही गुडघे कुरकुरणारे. समुद्रकिनारे, बलून, बाजारहाट सगळं सोडायचं आणि फक्त देव बघत फिरायचं, असं आम्ही ठरवलं होतं. तेही कुठले, तर ज्यांची नावं तिच्या प्रार्थनेतही आहेत आणि माझ्या पुराणांतही. असे देव भेटतात कुठे, तर अनातोलियाच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातल्या भागाच्या, पठारावर.

व्हिसाचं एकदाच सांगते: भारतीय पासपोर्टवर अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर तुर्कस्तानचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. नसेल तर रीतसर अर्ज, आणि हाताशी भरपूर वेळ ठेवा.

सोमवार, अंकारा

अनातोलियन संस्कृती संग्रहालय अंकाऱ्याच्या जुन्या किल्ल्याखाली आहे. ऑटोमन काळातल्या एका दगडी घुमटांच्या बंदिस्त बाजारात ते थाटलंय, त्यामुळे बाहेर सप्टेंबरचं ऊन चटकत असलं तरी आत गार. लोक इथे तासाभरात आटपतात. आम्ही जेवायची वेळ टळेपर्यंत आत होतो.

माझा पाय अडकला तो मातीच्या दोन बैलांपाशी. हित्ती या प्राचीन लोकांच्या राजधानीत, हत्तुशात सापडलेली ही जोडी इ.स.पू. १६व्या शतकातली. उंचीला जवळजवळ कमरेपर्यंत, तांबूस, घोटून चकचकीत केलेली, डोळे असे वटारलेले की समोरचाच दचकावा. खरं तर ही पूजेतली पेय ओतायची भांडी आहेत. वादळाचा देव तेशुब, त्याच्या रथाला जुंपलेले हे बैल. नावं शेरी आणि हुर्री, म्हणजे दिवस आणि रात्र. पोळा नुकताच होऊन गेला होता, त्यामुळे मी त्यांना सर्जा-राजा म्हणून मोकळी झाले. मैत्रीण म्हणाली, "प्रत्येक गोष्टीत तुला तुझं गावच दिसतं."

तिचं खरंच होतं, आणि पुढच्याच दालनात त्याचा धडा मिळाला. तिथे चाताल्होयुक या अश्मयुगीन वस्तीतली प्रसिद्ध बसलेली स्त्री आहे. साधारण आठ हजार वर्षांपूर्वीची, ऐसपैस अंगाची, दोन्ही हात दोन मोठ्या मार्जारांच्या डोक्यांवर ठेवलेली. आम्ही भारतीय आहोत हे कळल्यावर दुसऱ्याच एका ग्रूपच्या गाइडनं आम्हाला हौसेनं ऐकवलं, "ही तुमची दुर्गा!" ऐकायला छान वाटतं. पण १९६१ मध्ये ही मूर्ती मिळाली तेव्हा तिला डोकं नव्हतं, ते नंतर बसवलंय. आणि ती देवी होती की नुसती कुणी मानाची म्हातारी, यावरही जाणकारांचं एकमत नाही. वाघ, सिंह किंवा चित्त्याजवळ बसलेली बाई जगात कुठेही सुचू शकते. तेवढ्यावर नातं ठरत नाही.

हा खेळ भल्याभल्यांनी खेळलाय. सर विल्यम जोन्सनं १७८४ साली कलकत्त्यात बसून ग्रीस, इटली आणि भारताच्या देवांवर एक निबंध लिहिला आणि रोमन जानसची जोडी आपल्या गणपतीशी लावून दिली. दोनच वर्षांनी त्याच जोन्सनं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असं सांगितलं, आणि ते मात्र पक्कं ठरलं. जानस आणि गणपतीची जोडी हवेत विरली. राहिली ती वेदातला द्यौष्पितर, ग्रीकांचा झेउस पातेर आणि रोमनांचा जुपिटर ही जोडी, कारण तिथे नावाचा प्रत्येक आवाज ठरल्या नियमानं बदलत गेलेला दाखवता येतो. त्यामुळे प्रवासापुरता आम्ही एक नियम केला: नुसतं दिसणं सारखं असलं तर हसून पुढे जायचं.

शाकाहारी मंडळींसाठी: मसुराचं सूप, 'मेर्जिमेक', कुठेही मिळतं आणि पोटभर होतं. 'एत्सिझ', म्हणजे बिनमांसाचं, असं सांगितलं तरी ताटात कोंबडी येऊ शकते. त्यांच्या लेखी 'एत' म्हणजे बोकड-मेंढी-गाय. कोंबडीचं नाव वेगळं घेऊन तीही नको म्हणायचं.

मंगळवार, बोआझकाले

अंकाऱ्याहून बसनं सुंगुर्लू आणि तिथून टॅक्सी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गहू कापून झालेली पिवळी शेतं, विजेच्या खांबांवर करकोच्यांची रिकामी घरटी. बोआझकाले हे एवढंसं गाव. आम्ही उतरलो त्या घराच्या गच्चीवर पांढऱ्या कापडावर तरहाना वाळत होता: दही, गव्हाचं पीठ आणि भाज्या आंबवून, वाळवून, चुरून ठेवतात आणि थंडीभर त्याचं सूप करतात. घरच्या आजींनी आम्हाला न विचारता दोन वाडगे आणून ठेवले. आंबट, दाट, वर तिखटाचं तूप. बाहेर वारा सुटला होता, त्यामुळे आणखी एकेक वाडगा झाला. चोरुम हा जिल्हा फुटाण्यांसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिथे त्यांना 'लेब्लेबी' म्हणतात, आणि ते मिठाचे, तिखटाचे, साखरेत घोळलेले असे पोत्यांनी विकले जातात. पर्समध्ये एक पुडा असू द्या, अवशेषांत खायला काही मिळत नाही.

हत्तुशा ही हित्ती साम्राज्याची राजधानी गावाच्या डोक्यावरच आहे. पायी फिरण्याच्या भानगडीत पडू नका. चढ आहे, सावली नाही, आणि रस्त्याचा फेरा पाच-सहा किलोमीटरचा. टॅक्सी थांबवून ठेवायची आणि एकेका दरवाजाशी उतरायचं. सिंहद्वार, स्फिंक्सद्वार, राजद्वार. सगळ्यांना थांबत थांबत आम्हाला अर्धा दिवस लागला. राजद्वारावरचा 'राजा' खरं तर एक देव आहे आणि तिथे दिसते ती प्रतिकृती. अस्सल शिल्प अंकाऱ्यात आदल्या दिवशी बघून झालं होतं.

खाली मोठ्या देवळाच्या अवशेषांत एक हिरवा दगड आहे. गुडघ्याच्या वर येईल एवढा चौकोनी ठोकळा, आजूबाजूच्या करड्या चुनखडीत एकदम उठून दिसणारा. तो कशासाठी होता हे कुणी ठामपणे सांगत नाही. गावातले लोक हात ठेवून इच्छा मागतात. मीही ठेवला. उन्हात असूनही गार होता, आणि कडा इतक्या गुळगुळीत की हात आपोआप फिरत राहतो. एका कोपऱ्यावर कुणीतरी साखरेचे फुटाणे ठेवले होते.

आता मुद्द्याचं. १९०६ मध्ये ह्युगो विंकलर आणि तेओदोर मक्रिदी यांनी इथे खणायला घेतलं आणि कीलाक्षरं कोरलेल्या मातीच्या पाट्यांचे ढीगच्या ढीग हाती लागले. त्यांतल्याच काहींवर एक करार होता. मितानी नावाच्या शेजारच्या राज्याचा राजपुत्र शत्तिवाझा. बापाचा खून झालेला, गादी गेलेली, जीव मुठीत धरून तो हित्ती राजा सुप्पिलुलियुमाकडे आला. यानं त्याला आसरा दिला, मुलगी दिली, सैन्य दिलं, गादीवर नेऊन बसवलं आणि लिहून घेतलं. काळ इ.स.पू. १४वं शतक. कराराला साक्षीदार म्हणून दोन्हीकडच्या देवांची भली लांब यादी आहे. मितानीच्या बाजूला पहिला मान तेशुबचा. मग बरंच खाली उतरल्यावर ही नावं येतात: मित्र, उरुवन, इंदर, नासत्तिय. मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य, म्हणजे अश्विनीकुमार. विंकलरनं हे १९०७ मध्ये जाहीर केलं. या चौघांची नावं लिहिलेल्या स्वरूपात जगात सगळ्यांत आधी सापडतात ती इथे. वेद तेव्हा आणि नंतरही कित्येक शतकं तोंडपाठच होते.

मित्र-वरुणांना करारावर बोलावणं अगदी रीतीला धरून आहे. ऋग्वेदातही ते दोघं वचन पाळलं जातंय की नाही यावर नजर ठेवणारे. करार मोडलास तर काय होईल हेही नंतर लिहिलंय: पायाखालची जमीन निसरडी होईल, देशाची दलदल होईल, बायकामुलांसकट नाव पुसलं जाईल. भाडेकरारात असं एखादं कलम असायला हरकत नाही, असं माझ्या मनात आलं.

त्याच ढिगात किक्कुली नावाच्या मितानी अश्वशिक्षकाची घोडे तयार करायची पुस्तिकाही सापडली. घोड्याला किती फेऱ्या मारायला लावायच्या ते तो हित्ती भाषेत सांगतो, पण आकडे येतात ते ऐक, तेर, पंझ, सत्त, नव.

यावरून 'आपले लोक जाऊन तुर्कस्तान जिंकून आले' असे फॉरवर्ड मलाही येतात. पण मितानीची प्रजा हुर्रियन बोलायची, आणि त्या भाषेचं संस्कृतशी दूरान्वयानंही नातं नाही. राजांची नावं, घोड्यांचे काही शब्द आणि हे मोजके देव तेवढे त्या दुसऱ्या भाषेतले. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ सांगतात ते असं, की यांचे आणि वेद रचणाऱ्यांचे पूर्वज एकाच घरातले. वाटेत फुटले, काही इकडे आले, काही तिकडे गेले. चुलतभाऊ म्हणा हवं तर. बाप-लेक म्हणायला पुरावा नाही.

मी हे सगळं हिरव्या दगडाशेजारी उभी राहून मैत्रिणीला रंगवून सांगत होते. ती फुटाणे खात ऐकत होती.

"तुझा इंद्र आमच्याकडे दएव आहे, राक्षस, माहितीये ना?" ती म्हणाली. "आमच्या वंदिदाद या धर्मग्रंथात नाव घेऊन हाकललाय त्याला. नासत्यांनाही."

"आणि मित्र?"

"मेहेर? तो आमचा यझद, पूज्य देव. त्याचं स्वतंत्र यश्त, म्हणजे स्तोत्र आहे, चांगलं लांबलचक."

म्हणजे एका कराराचे चार साक्षीदार, आणि इराणात पोचेपर्यंत एकाची बढती झाली, दोघांची रवानगी दैत्यांत झाली आणि वरुणाचं नावच ऐकू येईनासं झालं. उलटं बघा: अहुर हा त्यांचा परमेश्वर, आणि आपले असुर कायमचे खलनायक. तेही मुळात तसे नव्हते. ऋग्वेदात खुद्द वरुणाला असुर म्हटलंय, आणि ते आदरानं. घर एकच होतं हे जसं नावांवरून कळतं, तसंच वाटणीवरूनही कळतं. परक्यांच्या देवाला कोणी इतक्या आवर्जून शिव्या देत नाही.

बुधवार, याझिलीकाया

हत्तुशापासून जेमतेम दोन किलोमीटरवर, उघड्यावर, खडकांच्या नैसर्गिक भेगांतलं हे देवस्थान. सकाळी लवकर जा. तिरपं ऊन असेपर्यंतच शिल्पं नीट दिसतात. आम्ही पोचलो तेव्हा अर्धी भिंत उजळलेली होती आणि अर्धे देव अजून अंधारात होते.

मोठ्या भेगेत डाव्या भिंतीवर देवांची रांग, उजवीकडे देवींची, आणि मधोमध समोरासमोर तेशुब आणि त्याची बायको हेपात. तेशुब दोन डोंगरदेवांच्या वाकलेल्या मानांवर उभा, हेपात एका मोठ्या मार्जारावर, तिच्यामागे मुलगा शर्रुमा, तोही तसाच जनावरावर. उंच टोप्या, टोकं वर वळलेले जोडे. देवांच्या रांगेत एकच बाई घुसलीये: पंख असलेली शौश्का, प्रेमाची आणि युद्धाचीही देवी, मेसोपोटेमियाच्या इश्तारची हुर्रियन जोडीदारीण. मागे तिच्या दोन दासी, निनात्ता आणि कुलित्ता. देवींच्या रांगेत तिला जागा कमी पडली असेल असं वाटत नाही.

गंमत अशी, की हे हित्तींचं सगळ्यांत मानाचं देवस्थान, राजधानीच्या दारातलं, इ.स.पू. १३व्या शतकातलं; आणि देवांची नावं मात्र हुर्रियन! ज्यांना जिंकलं, त्यांचेच देव घरात आणून बसवले. हत्ती देश (म्हणजे हित्तींचा; प्राण्याशी संबंध नाही) आपल्या 'हजार देवांचा' अभिमान बाळगायचा, आणि प्रत्येक देवाची पूजा शक्यतो त्याच्या मूळ भाषेत चालायची. राणी पुदुहेपा ही दक्षिणेकडच्या किझ्झुवात्नाची, पुजाऱ्याची मुलगी. तिची एक प्रार्थना पाटीवर आहे. ती अरिन्नाच्या सूर्यदेवीला म्हणते, या हत्ती देशात तू अरिन्नाची सूर्यदेवी आहेस. पण देवदारांच्या देशात तुझं नाव हेपात. सासरची देवी आणि माहेरची देवी तिनं एका वाक्यात एक करून टाकली.

आमच्या नियमात हे बसत नव्हतं. इथे रक्ताचं नातं काहीच नाही, दोन वेगळ्या देवी, दोन वेगळ्या भाषा. पण एकदा राणीनं म्हटलं आणि खडकावर कोरलं गेलं की त्या एकच. आपल्याकडे मल्लण्णा, मैलार आणि खंडोबा हे एकच, आणि मल्हारी म्हणजे शिवाचा मार्तंडभैरव अवतार, हे कुणाला पटवून द्यावं लागतं का? अशी नाती भाषाशास्त्रज्ञाला दिसत नाहीत, ती जत्रेत दिसतात.

आणि तिसरा प्रकार शेजाराचा. याच हत्तुशाच्या पाट्यांत कुमार्बीची कथा मिळाली. अनू हा आकाशाचा देव, कुमार्बी त्याचं पुरुषत्व दातांनी तोडून गिळतो आणि त्यातूनच त्याच्या पोटात तेशुब वाढतो, जो पुढे त्यालाच गादीवरून खाली खेचतो. ग्रीक कवी हेसिअडनं कित्येक शतकांनी सांगितलेली युरेनस, क्रोनस आणि झेउसची हकिकत आठवा, सांगाडा तोच. गोष्ट व्यापाऱ्यांबरोबर आणि गवयांबरोबर पश्चिमेला सरकली असणार. त्यामुळे झेउसचं नाव वारशानं आलेलं आणि चरित्र बरंचसं उसनं, असा हिशोब निघतो.

बाजूच्या अरुंद भेगेत जायला विसरू नका. तिथे विळ्यासारख्या तलवारी घेऊन पळत निघालेले पाताळाचे बारा देव आहेत, आणि समोर शर्रुमानं राजा तुधालियाला एका हातानं कवेत घेतलंय. मोठा भाऊ धाकट्याला गर्दीतून नेतो तसा. मैत्रीण बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिली होती. रात्रीच्या बसची वेळ झाली म्हणून तिला ओढून काढावं लागलं.

गुरुवार, काह्ता

रात्रीच्या बसमध्ये एसी बर्फासारखा होता, एवढंच. शाल वरच्या बॅगेत ठेवू नका.

आदियामान जिल्हा फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात फार वाईट होरपळला. आम्ही गेलो तेव्हा शहरात अजून मोकळे चौथरे दिसत होते, कडेला कंटेनरच्या वसाहती, आणि जिकडेतिकडे क्रेन. आमचा ड्रायव्हर कुर्द होता, पन्नाशीचा. त्याचं घर गेलं होतं, माणसं वाचली होती. हे त्यानं स्टिअरिंगवरून नजर न काढता, तीन वाक्यांत सांगितलं. मग विचारलं, "हिंदिस्तान? आमिर खान?" आम्ही हो म्हटल्यावर चहाचे पैसे घेईना. इथे जायला संकोच वाटत असेल तर त्याचंच सांगते: पर्यटक येत नाहीत ही त्यांची मोठी चिंता होती. हॉटेल, गाडी, जेवण, सगळं स्थानिक घ्या.

इथलं 'चिघ कोफ्ते' जरूर खा. पूर्वी कच्च्या मांसाचं असायचं. आता दुकानांत मिळतं ते बुलगूर गहू, टोमॅटो, डाळिंबाचा आंबट रस आणि भरपूर मिरची एकत्र मळून केलेलं, पूर्ण शाकाहारी. सॅलडच्या पानात गुंडाळून, वर लिंबू पिळून. तिखट आहे, आपलं तिखट. सोबत आयरान, म्हणजे खारं ताक.

दुपारभर झोपलो, कारण पहाटे दोनला उठायचं होतं.

शुक्रवार, नेमरुत आणि अर्सामिया

नेमरुत डाग हा २,१०० मीटरहून उंच डोंगर, आणि माथ्यावर खडीचा सुमारे ५० मीटर उंचीचा टेकाडाएवढा ढीग. खाली कोम्मागेनेचा राजा पहिला अंतिओखस पुरलेला आहे असं मानतात. थडगं मात्र अजून कुणाला सापडलेलं नाही. गाडीतळापासून वीस-पंचवीस मिनिटांची चढण आहे. सप्टेंबर असला तरी स्वेटर, कानटोपी, हातमोजे सगळं न्या. आम्ही हॉटेलची ब्लँकेटं मागून नेली होती आणि त्याचा मुळीच पश्चात्ताप नाही. हिवाळ्यात बर्फानं रस्ता बंद असतो.

पूर्वेच्या ओट्यावर शंभरेक माणसं कुडकुडत बसली होती. हळूहळू सिंहासनांच्या आकृती दिसू लागल्या. आठ-नऊ मीटर उंचीच्या बसलेल्या मूर्ती, मुंडकी गळून खाली मांडलेली. अंतिओखस इ.स.पू. पहिल्या शतकातला, एका बाजूला पार्थियन आणि दुसऱ्या बाजूला रोमन, मध्ये याचं चिमुकलं राज्य. बापाकडून आपण इराणच्या दारियसचे वंशज आणि आईकडून अलेक्झांडरच्या घराण्यातले, असा त्याचा दावा. मग देवही तसेच केले. झेउस-ओरोमास्देस: ग्रीकांचा झेउस आणि इराणचा अहुर मझ्द एका धडात. अपोलो-मिथ्रास-हेलिओस-हर्मिस: चार नावं, एक चेहरा, डोक्यावर इराणी टोपी. हेराक्लिस-आर्ताग्नेस-आरेस. कोम्मागेनेची भूदेवी. आणि या सगळ्यांच्या ओळीत, त्यांच्याच उंचीचा, स्वतः अंतिओखस. संकोच हा गुण त्याच्या वंशावळीत नसावा.

सिंहासनांच्या पाठीवर त्याचा ग्रीक भाषेतला लांबलचक हुकूम कोरलाय. दर महिन्याच्या १६ तारखेला माझा जन्मदिवस आणि १० तारखेला राज्यारोहण साजरं करा, पुजाऱ्यांनी पर्शियन वेश घालावा, आलेल्या सगळ्यांना पोटभर जेवण आणि मद्य. मैत्रिणीनं लगेच बोटं मोजून सांगितलं की झरथोस्ती महिन्याचा सोळावा दिवस मेहेर रोज, मित्राचा. कॅलेंडरं वेगळी, त्यामुळे हा योगायोगही असेल. पण तिला आवडला.

मला आवडला आर्ताग्नेस. हे वेरेथ्रघ्नाचं ग्रीक तोंडातलं रूप. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातला विजयाचा यझद. संस्कृतात वृत्रघ्न, वृत्रहन्. आणि ही तर इंद्राची खास पदवी! म्हणजे इराण्यांनी इंद्राला हाकलला, पण त्याची पदवी काढून घेऊन वेगळ्या देवाला दिली, तो पूज्य राहिला, पुढे त्याचा बहराम झाला, आणि मुंबईतल्या आतश बहरामांच्या, म्हणजे सगळ्यांत मोठ्या अग्यारींच्या, नावात आजही आहे. इथे तो हेराक्लिसच्या दाढीत बसलाय. हे मी तिला सांगितल्यावर ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "बघ, चोरूनमारून का होईना, तुमचा इंद्र आमच्या अग्यारीत पोचलाच."

सूर्याची पहिली कड वर आली तशी तिनं ओढणी डोक्यावर घेतली, पूर्वेला तोंड केलं आणि खोर्शेद न्यायश आणि मेहेर न्यायश म्हणायला लागली. सूर्याची आणि मित्राची प्रार्थना. पाठोपाठ म्हणायची रीत आहे. आमची ओळख उभ्या नोकरीची, पण अग्यारीत मला प्रवेश नाही, आणि घरी ती पुटपुटत म्हणते. नीट ऐकली ती इथेच. अवेस्तन मला कळत नाही, तरी मध्येमध्ये ओळखीचा आवाज कानावर येत होता. तिच्या डाव्या हाताला पाच पावलांवर अपोलो-मिथ्रासचं मुंडकं होतं, आणि त्याच्या पुढ्यात एक इटालियन जोडपं सेल्फी काढत होतं. त्यांनी तिला विचारलं, योगा का? ती म्हणाली, "नो, फॅमिली."

परतताना अर्सामियाला थांबा. दमलो म्हणून टाळू नका. डोंगराच्या उतारावर एक प्रचंड ग्रीक शिलालेख आहे, आणि त्याच्या वर माणसाहून उंच एक शिल्पपट. डावीकडे राजा, नखशिखान्त इराणी पोशाखात, कमरेला कट्यार, टोपीला टोकं. उजवीकडे हेराक्लिस, अंगावर सूत नाही, खांद्यावर सोटा. आणि दोघं हात मिळवतायत. जवळ जाऊन पाहिलं तर बोटं खरंच आवळलेली आहेत; हेराक्लिसच्या पोटाचे स्नायू जितक्या निगुतीनं काढलेत तितक्याच निगुतीनं राजाच्या विजारीच्या चुण्या. आपल्याकडे राजा देवाच्या पायाशी, फार तर छत्र धरून बाजूला. हा सरळ हात पुढे करतो. मित्राशी हात मिळवलेलं शिल्पही अंतिओखसनं नेमरुतवर करवून घेतलं होतं, आणि ते मला जास्त पटतं. कराराच्या देवाशी दुसरं करणार काय?

शनिवार, झेर्झेवान

काह्ताहून दियारबाकिरला जाताना अतातुर्क धरणाचा जलाशय ओलांडावा लागतो. अंतिओखसची राजधानी सामोसाता याच पाण्याखाली आहे. ड्रायव्हरनं पुलावर गाडी हळू केली, बोटानं दाखवलं; दिसलं अर्थात काहीच नाही.

झेर्झेवान हा मार्दिनच्या रस्त्यावरचा टेकडीवरचा रोमन लष्करी तळ. २०१७ मध्ये इथे जमिनीखाली मिथ्रासचं देऊळ सापडलं. पायऱ्या उतरून गेलं की खडकात कोरलेली लहानशी खोली, समोर कोनाडे. बस्स. ज्यांना भव्य बघायचंय त्यांनी येऊ नये. रोमन सैनिकांचा मिथ्रास हा बैल मारणारा, गुप्त दीक्षेचा, तळघरातला देव. पूर्वी विद्वान म्हणत की इराणचा मित्रच सरळ चालत रोमला गेला. आता बहुतेकांचं मत असं, की नाव आणि टोपी तेवढी इराणी, बाकीचा पंथ रोमनांनी आपला आपण रचला. आणि हे सैनिक इथे पहारा कुणावर ठेवत होते? सीमेपलीकडच्या सासानी इराणवर, जिथले लोक रोज मेहेरची प्रार्थना करायचे. दोन्ही फौजांत एकाच नावाचा देव, आणि ओळख मात्र एकमेकांना लागली नसती.

या पंथात बायकांना प्रवेश नव्हता. हे मी पायऱ्या उतरताना मैत्रिणीला सांगितलं.

"अग्यारीत तू नाही येऊ शकत," ती म्हणाली, "इथे आपण दोघीही नाही. चल, आधी मी जाते."

दियारबाकिरला पोचलात आणि मोसम असेल तर कलिंगड घ्या. तिथली कलिंगडं तीस-चाळीस किलोंची होतात. अख्खं घ्यायची गरज नाही, फोड कापून देतात. विमानतळ गावाला लागूनच आहे, हात धुवायला वेळ मिळतो.